एका बाठीतून तीन रोपं आली, कुठलं ठेवू?

कुळागर_बांदोडे:
आमच्या जुन्या घरामागे रायवळ आंब्याचं झाड आहे. फळ मुठीएवढं आणि रेषाळ, पण आजी सासव (नारळ-मोहरीच्या वाटणातलं आंब्याचं कालवण) करायची ते याच आंब्यांचं. दुसऱ्या कुठल्या आंब्याचं सासव घरात कुणाला आवडत नाही. आता खोड आतून पोकळ झालंय, यंदाचा पाऊस काढेल असं वाटत नाही. म्हणून मे महिन्यात निवडक फळांच्या बाठी पिशव्यांत लावल्या. काहींतून दोन-दोन कोंब आले, एकीतून तर तीन. शेजारचे काका म्हणतात, बाठीचं झाड आईवर जात नाही, उगाच जागा अडवू नकोस. मला हेच फळ हवंय, याच चवीचं. तिन्ही ठेवू की जोमदार एक ठेवून बाकीची उपटू?

डिचोलीकर:
काका बरोबर सांगतात. माणकुरादची बाठ लावून माणकुराद कुणाला मिळालाय? म्हणून तर कलमं बांधतात. जोमदार रोप ठेवा, बाकीची काढा.

रोपवाटिका_सत्तरी:
कृपा करून काही उपटू नका! माणकुरादचं म्हणणं खरं आहे. त्याच्या किंवा हापूसच्या बाठीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून झालेला. बाप कोण ते माहीत नाही, म्हणून फळ काय येईल त्याचा भरवसा नाही. पण पश्चिम किनाऱ्यावर वेगळी आंब्याची झाडंही आहेत. त्यांच्या एका बाठीत अनेक गर्भ धरतात. त्यातला एक फुलातल्या संकरातून होतो, बाकीचे बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून. ती रोपं म्हणजे बी रुजवून मिळालेली कलमंच, आईची हुबेहूब. एकच झाड, एकच बाठ, आणि आत दोन्ही रीती शेजारी शेजारी. ओलूर, बप्पकाई, कुरुक्कन, चंद्रकरन या अशाच जाती, आणि पुस्तकांतल्या त्या यादीत ‘गोवा’ नावाचीही एक आहे. रोपं एकसारखी येतात म्हणून खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपासाठी, त्यांना मान आहे.

आधी एक खात्री करा. बोटाने माती सारून बघा, तिन्ही कोंबांना स्वतंत्र मूळ आहे का? शेंडा किड्याने खाल्ला तर एकाच रोपाला खालून दोन-तीन फुटवे येतात, ते बघून माणूस फसतो. मग न रुजलेली एखादी बाठ घ्या, कडेने कात्रीने कवच उघडा. आतली बी दोन गुळगुळीत डाळिंबींची निघाली तर गर्भ एक. वेड्यावाकड्या तुकड्यांची, एकमेकांत घट्ट बसवल्यासारखी निघाली तर गर्भ अनेक.

मुळं वेगळी असतील तर पानं तांबूस आहेत तोवरच रोपं सोडवा. प्रत्येकाबरोबर त्याच्या वाट्याचा बाठीचा तुकडा राहू द्या, त्यावरच ते सुरुवातीला जगतं. सावलीत ठेवा आणि एका बाठीच्या रोपांना एकच खूण करा. संकराचं रोप पुष्कळदा गर्दीत मागे पडतं किंवा मरतं, पण नेहमी नाही, त्यामुळे नुसत्या जोमावरून ते ओळखू नका. एका बाठीची सगळी वाढवलीत, तर त्यात आईसारखी असणारच.

कुळागर_बांदोडे:
आताच बघितलं, तिघांनाही आपापलं मूळ आहे! दुसरी बाठ उघडली तर आत पाच-सहा तुकडे, काही हरभऱ्याएवढे. फळाला किती वर्षं लागतील?

रोपवाटिका_सत्तरी:
छान, म्हणजे झाड बहुगर्भी आहे. बाठीच्या रोपाला सहा-आठ वर्षं तरी धरा. तेवढं थांबण्यापेक्षा सोबत कोयकलमही करा, दिवस त्याचेच आहेत. जुन्या झाडाची तीन-चार महिन्यांची पक्की काडी निवडा, टोकाचा डोळा फुगीर हवा. आठवडाभर आधी तिची पानं देठ ठेवून कापा आणि याच तांबूस रोपांपैकी काहींवर बांधा. झाड उभं आहे तोवरच काडी मिळेल, म्हणून हे काम याच आठवड्यात करा.

केरीची_सुनंदा:
काका, आमच्या कागदी लिंबाच्या एका बीतूनही दोन-तीन रोपं येतात. तेच का हे?

रोपवाटिका_सत्तरी:
तेच, ताई. सूक्ष्मदर्शकातून निरीक्षणं करणाऱ्या ल्यूवेनहुकने १७१९ मध्ये संत्र्याच्या एका बीत दोन गर्भ पाहिले होते, आणि ते आईच्या पेशींपासून कसे होतात हे वनस्पतिशास्त्रज्ञ श्ट्रासबुर्गरने १८७८ मध्ये दाखवलं. गंमत अशी की लिंबूवर्गात असा गर्भ आईचा असला तरी बी भरायला बहुधा परागकण लागतोच, कारण गर्भाला पोसणारा भाग त्यातून तयार होतो. वाफ्यात एकसारखी रोपं ठेवा, फार उंच किंवा खुरटी दिसतील ती बाजूला काढा, त्यांतच संकराची जास्त असतात. शिवाय झाडातले बहुतेक विषाणू बीतून पुढे जात नाहीत, हा मोठा फायदा. पपनसाला मात्र हा नियम लावू नका, त्याच्या बीत गर्भ एकच आणि तो संकराचा. भिरंडाची (कोकमाची) बी लावलीत तर निम्मी झाडं नर निघतात, तिथे कलमच घ्या.