शाळेभोवतीचे पदपथ आणि सायकल मार्ग: निधी राखून ठेवावा का?

मांडणी: एक पालक, पुणे

शिक्षणहक्क कायद्याखाली महाराष्ट्राने 2011 मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी. मूल पायी किंवा सायकलवर जाईल असे धरूनच ही अंतरे ठरलेली आहेत. प्रत्यक्षात त्या अंतरात मुलाने चालायचे कोठून, हा प्रश्न शिक्षण विभाग आपला मानत नाही आणि पथ विभागाच्या अंदाजपत्रकातही शाळेची वाट ही स्वतंत्र बाब म्हणून क्वचितच धरली जाते.

म्हणून माझे म्हणणे असे, की महापालिकांनी रस्त्यांच्या भांडवली खर्चातील ठरावीक हिस्सा शाळांच्या अर्ध्या किलोमीटरच्या परिघातील पदपथ, रस्ता ओलांडण्याच्या जागा आणि सायकल मार्ग यांसाठी राखून ठेवावा, आणि सुरुवात महापालिकेच्या स्वतःच्या शाळांपासून करावी. कारण तेथील मुलांना सोडायला ना गाडी येते, ना व्हॅन. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील 32,825 पादचारी होते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये पदपथाचा हक्क घटनेच्या जगण्याचा हक्क देणाऱ्या 21व्या अनुच्छेदात येतो असे स्पष्ट केले. ज्या गोष्टीला हक्क म्हणायचे, तिचा खर्च ‘उरले तर करू’ या सदरात राहू नये.

प्रतिसाद: निवृत्त स्थापत्य अभियंता

हेतू उत्तम असला तरी या मागणीला माझा विरोध आहे. पुण्यात 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बीआरटी, म्हणजे बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका, आली, तेव्हा तिच्याबरोबर सायकल मार्गही बांधले गेले. पैसे होते, केंद्राचे अनुदान होते, नकाशे होते. पुढे काय झाले, ते त्या रस्त्यांवरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे: मार्ग मध्येच तुटत, कोठे झाडाशी संपत, कोठे दुकानाच्या पायरीशी. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही गाजावाजा करून आल्या. त्या सायकली काही वर्षांत दिसेनाशा झाल्या आणि आराखड्याचा बराचसा भाग आजही कागदावरच आहे.

पदपथ निकामी होतो तो बहुधा निधीअभावी नव्हे. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी तो रस्त्याच्या पातळीला उतरवतात, पुन्हा वीतभर चढवतात, मध्ये विजेचा डीपी उभा करतात आणि दुचाकी घुसू नये म्हणून टोकाला लोखंडी खांब असे रोवतात की पाठीवर दप्तर असलेल्या मुलालाही अंग चोरून जावे लागते. दहा पावलांत दोनदा चढउतार करण्यापेक्षा माणूस सरळ डांबरावरून चालतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. निधी राखून ठेवला की मार्चअखेर तो संपवण्याची घाई होते आणि धडधाकट फरशा उखडून नवे पेव्हर ब्लॉक बसतात. शाळेचे नाव पुढे केले की अशा कामाला विरोध करणेही अवघड होईल.

प्रतिसाद: शाळेसमोरील स्टेशनरी दुकानदार

पदपथ रुंद झाला की गाडी लावायला जागा राहत नाही आणि गिऱ्हाईक पुढे निघून जाते, हा आमचा अनुभव आहे. शिवाय रुंद केलेल्या जागेवर मुले चालतील की पथारी लागेल, हेही सांगा. पथविक्रेत्यांनाही 2014 च्या कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना हटवा म्हणणे सोपे आहे, पण जागा कोण देणार?

प्रतिसाद: माध्यमिक शिक्षिका, मराठवाडा

आपण सर्वजण महापालिकेच्या हद्दीतच बोलत आहात, म्हणून लिहिते. राज्याच्या मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमातील 125 तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी शासन अनुदान देते. हा खर्च योग्यच आहे. बिहारमध्ये 2006 पासून अशीच योजना राबवली गेली आणि तिच्या अभ्यासात मुलींचे माध्यमिक शाळेतील प्रवेश ठळकपणे वाढल्याचे दिसले. परंतु सायकल मिळाली तरी ती चालवायची राज्यमार्गाच्या कडेच्या मुरमावरून, आणि ऊस कारखान्याला जाऊ लागला की त्या कडेवरही दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. काही पालक त्या महिन्यांत मुलीला सायकल न देता एसटीने पाठवतात. त्या वेळेला गाडी नसेल, तर घरी ठेवतात.

तेव्हा सार्वजनिक पैसा खर्च करायचाच असेल, तर तो शहरातील पदपथांच्या आधी गाव ते हायस्कूल या वाटेच्या साइडपट्ट्यांवर व्हावा. शहरातल्या मुलाला निदान पर्याय तरी असतात.

प्रतिसाद: मूळ मांडणी करणारे पालक

बाईंचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र तो माझ्या मागणीच्या विरोधात जात नाही. महापालिकेचे रस्ते आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा जिल्हा परिषदेचे रस्ते यांची अंदाजपत्रके वेगवेगळी आहेत, त्यामुळे पुण्यातील पदपथ थांबवल्याने परभणीतील साइडपट्टी रुंद होणार नाही. हेच तत्त्व दोन्हीकडे लावावे, एवढेच म्हणतो. शहरातील मुलाच्या पर्यायांविषयी मात्र शंका आहे. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेसमोर दुपारी बारा-साडेबाराला उभे राहावे: सकाळची मुले सुटत असतात, दुपारची येत असतात, रिक्षाकाका आडव्या रिक्षा लावतात, पालक दुचाकीवर पुढे एक आणि मागे दोन मुले घेऊन येतात. या सगळ्यांतून चालत जाणारे मूल ज्या घरातून येते, तेथे दुसरा पर्याय नसतो. नववी-दहावीची मुले परवान्याशिवाय स्कूटर आणतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पालकांना 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इतका कडक कायदा केला, पण त्या मुलाने सायकल चालवायची कोठून, हे मात्र पाहिले नाही.

दुकानदार काकांना एवढेच सांगतो, की पाटी, पेन्सिल, वह्या विकत घेणारे गिऱ्हाईक चालतच येते. पथारीवाल्यांची जागा आखून द्यायला हवी, याबद्दल दुमत नाही. शाळेच्या फाटकाची जागा सोडून ती देता येते.

अभियंता साहेबांनी सांगितलेले दोष खरे आहेत, पण ते सलग पट्टे बांधण्याच्या हव्यासाचे आहेत. शाळेभोवती सुरुवातीला सायकल मार्गसुद्धा नको. ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीला उचलावी, गाडीला वळताना वेग कमी करावाच लागेल असे कोपऱ्यांचे वळण आवळावे आणि वाहनांचा वेग ताशी 30 किलोमीटरवर आणावा. वेग 30 वरून 50 झाला की धडकेची ऊर्जा पावणेतीनपट होते. फलक लावून वेग उतरत नाही, रस्त्याचा आकार बदलल्यावर उतरतो. या कामांना मैलोगणती जागा लागत नाही.

प्रतिसाद: निवृत्त स्थापत्य अभियंता

सायकल मार्ग मागे ठेवून आधी ओलांडण्याच्या जागा घ्यायच्या असतील, तर माझा अर्धा विरोध मावळतो. उरलेला अर्धा कायम आहे, आणि तो टक्केवारीला आहे. हिस्सा ठरवून दिला की शाळेला काय हवे यापेक्षा किती खर्च झाला याचाच हिशेब होतो. त्याऐवजी शाळानिहाय कामांची यादी, त्यावर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची सही, दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, त्या जागेवर केबलसाठी खोदाईची परवानगी नाही अशी अट, आणि शेवटचे देयक त्याच समितीच्या पाहणीनंतर, एवढे आधी ठरावात लिहून घ्या. उचललेल्या चौकात पावसाचे पाणी कोठून वाहून जाणार, हे नकाशात दाखवायला विसरू नका. नाहीतर पहिल्याच जूनमध्ये शाळेच्या दारात तळे साचेल आणि लोकच तो चौक फोडायला लावतील.