मदत हवी आहे: बारा दिवस, एकटीने, आरव्हीत राहून बघायचंय. नेमकं काय तपासू?

मेणाचं_घर

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

मी फिनिक्सजवळ चॅन्डलरला राहते, वय 51. लेक कॉलेजला गेली, काम हिशेबाचं आणि सगळं घरून. गेली दोन वर्षं डोक्यात एकच भुंगा आहे: हिवाळ्याचे चार महिने आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचं. सहलीला नव्हे, राहायला. सोमवारी सकाळी तिथंच लॉगिन करायचं, तिथंच कुकर लावायचा, तिथंच टॉवेल वाळत घालायचा. नवऱ्याचा विरोध नाही, पण डास, तंबू आणि परका संडास या तिन्ही गोष्टी त्याला वर्ज्य. "तू बघून ये, जमलं तर मी शनिवार-रविवार पाहुणा म्हणून येईन," असा उदार ठराव त्याने पास केलाय.

विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन बघावी एवढं शहाणपण शिल्लक आहे. फेब्रुवारीत बारा रात्रींसाठी 25 फुटी क्लास सी गाडी घेतलीय. (माहीत नसलेल्यांसाठी: पुढून ट्रक, मागे खोली, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग.) भाडं, मैल आणि विमा धरून दिवसाला 190 डॉलर पडतायत. विमा वेगळा घ्यावा लागला. आपली रोजच्या कारची पॉलिसी किंवा क्रेडिट कार्ड बहुतेक वेळा भाड्याच्या मोटरहोमला चालत नाही, हे एजंटला फोन केल्यावर कळलं.

बेत असा: पहिली रात्र लॉस्ट डचमन स्टेट पार्क. वीज-पाणी जोडून मिळणारी जागा (यालाच हुकअप म्हणतात), घरापासून तासाभराच्या आत, काही फिसकटलं तर पळून येता येईल. मग आय-10 ने पश्चिमेला क्वार्ट्झसाइट, तिथून जोशुआ ट्री नॅशनल पार्क, मग बोरेगो स्प्रिंग्ज, आणि परत.

आता माझी पातळी कळावी म्हणून ऑक्टोबरातली तीन दिवसांची रंगीत तालीम सांगते.

निघताना डंप स्टेशनवर (गाडीतलं सांडपाणी सोडायची जागा) गेले. गाडीच्या पोटाखाली दोन दांडे असतात, एक काळ्या टाकीचा (संडासाची) आणि एक राखाडी टाकीचा (मोरी, बेसिन). रंगावरून ओळखायचे असं भाड्याच्या व्हिडिओत सांगितलं होतं. उन्हाने दोन्ही रंग उडून सारखेच पांढरट झालेले. जाड पाइप लावला, कडं फिरवलं, खट्ट आवाज आला, मी निर्धास्त. कड्याच्या दोनपैकी एकच खुंटी अडकली होती हे दांडा ओढल्यावर समजलं. पायात उघड्या चपला. पुढचं सांगत नाही. मागे तीन गाड्यांची रांग. पहिल्या गाडीतले एक आजोबा काही न बोलता उतरले, हातमोज्यांची नवीन जोडी माझ्या हातात ठेवली आणि जमिनीतला पाण्याचा नळ सोडून सगळं धुऊन काढायला लागले. मी सॉरी म्हटलं तर म्हणाले, प्रत्येकाचं एकदा होतं, तुझं लवकर झालं.

दुसऱ्या रात्री फ्लॅगस्टाफच्या जंगलात हुकअपशिवाय होते. पहाटे चारला हीटर बंद. बॅटरी संपलेली. अंगावर कोट, वर आईची गोधडी, आणि मी सकाळची वाट बघतेय. शपथेवर सांगते, दोन दिवे सोडून मी काहीही लावलं नव्हतं. सकाळी पोह्यांना फोडणी घातली तर धुराचा अलार्म असा बोंबलला की शेजारचं कुत्रंही सामील झालं.

तर प्रश्न. ती बॅटरी गेली कुठे? 40 गॅलन पाणी एका माणसाला किती दिवस पुरावं? एकटीने कुठे थांबू, कुठे नको? आणि खरा प्रश्न हा की, बारा दिवस मजेत जाणारच आहेत, पण मजा म्हणजे राहणं नव्हे. चार महिने जमेल की नाही हे कळायला या बारा दिवसांत मुद्दाम काय करून बघू? प्रेक्षणीय स्थळांची यादी कृपया नको, ती गुगलकडे आहे.

---

अण्णा_वाळवंटी

ताई, तुमची बॅटरी हीटरने खाल्ली. हीटर प्रोपेनवर चालतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण गरम हवा ढकलणारा पंखा 12 व्होल्टवर चालतो आणि सात-आठ अँपिअर ओढतो. भाड्याच्या गाडीत साधारण 100 अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी. तिच्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे 50. थंडीच्या रात्री पंखा आठ तासांपैकी चार तास जरी फिरला तरी 30 गेले. उरलेल्यात दिवे, पाण्याचा पंप, फ्रिजचा बोर्ड, गॅसचा अलार्म. बॅटरी जुनी असेल तर पहाटे चार म्हणजे बरीच टिकली म्हणायची.

उपाय: थर्मोस्टॅट 55 फॅरनहाइटवर, अंगावर गोधडी (आहेच तुमच्याकडे), आणि संध्याकाळी तासभर जनरेटर. रात्री शांततेच्या वेळेत तो लावू नका, लोक खरंच उठून येतात. जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो आणि टाकी एक चतुर्थांशावर आली की आपोआप थांबतो, कारण तुम्ही वाळवंटात अडकू नये. बंद पडला म्हणून घाबरू नका. विकत घ्याल तेव्हा लिथियम बॅटरी आणि छतावर सोलर, यात चिकटपणा करू नका.

मी सहा हिवाळे क्वार्ट्झसाइटला काढलेत, ट्रेलरमध्ये (पिकअपमागे ओढत न्यायचं घर). बेताबद्दल स्पष्ट सांगतो: बारा दिवसांत चार ठिकाणं म्हणजे पुन्हा सहलच. गावाच्या दक्षिणेला हायवे 95 ला लागून ला पोसा आहे, सरकारी जमीन. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल लांब मुक्कामाचा परवाना मिळतो, 14 दिवसांचा छोटाही मिळतो. पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय आत आहे. आजूबाजूला फुकट जमीनही आहे, तिथे 14 दिवस राहता येतं, मग उठायचं. पण तुमच्या करारात कच्च्या रस्त्याचं कलम आहे का ते आधी वाचा, बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत.

निदान पाच रात्री एका जागी, हुकअपशिवाय, कामाच्या दिवसांत बसा. तिसऱ्या दिवशी दुपारी काय वाटतं ते लिहून ठेवा. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच छान वाटतं.

वाऱ्याची बातमी रोज बघा. या गाड्या म्हणजे चाकावरचं कपाट. ताशी 40 मैलांचे झोत असतील तर त्या दिवशी निघू नका.

---

तिरकस_चष्मा

190 डॉलर भाडं, वर गॅलनला आठ-दहा मैल देणारी गाडी. एवढ्यात बरं हॉटेल येतं, आणि तिथे आपली घाण आपल्याला उपसावी लागत नाही. चालू द्या.

---

मेणाचं_घर

@तिरकस_चष्मा, हॉटेलात राहता येतं का हा प्रश्न माझा कधीचाच सुटलाय.

@अण्णा, सात-आठ अँपिअर! आणि मी दिवे विझवत बसले होते. पाच रात्रींचं पटलं. बोरेगो रद्द.

---

डब्यातली_चकली

अगं, मी तीन वर्षं पूर्णवेळ व्हॅनमध्ये होते, त्याआधी एक वर्ष क्लास सी. कुणी लिहिणार नाही ते लिहिते. संडासाच्या टाकीचा शत्रू म्हणजे कमी पाणी. इथले लोक कागद जास्त आणि पाणी कमी वापरतात, मग टाकीत सगळं घट्ट बसतं. त्यातून हुकअपला उभं असताना काळा व्हॉल्व्ह उघडा ठेवला की पातळ वाहून जातं आणि बाकीचा ऐवज जागच्या जागी रचत जातो. याला आरव्हीवाले पिरॅमिड म्हणतात आणि तो फोडायला माणूस बोलवावा लागतो. आपल्या टमरेल संस्कृतीला हा धोका फार कमी! व्हॉल्व्ह बंद ठेव, टाकी दोन तृतीयांश भरू दे, मग आधी काळी सोड आणि नंतर राखाडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपसूक धुतला जातो.

ताज्या पाण्याआधी तुझी राखाडी टाकी भरेल. कारण आपली भांडी. कढईचं तेल आणि ताटाचं खरकटं आधी कागदाने पुसून घ्यायचं, मगच पाणी. फोडणीला छतावरचा पंखा बाहेर फेकणारा लाव आणि पलीकडची एक खिडकी चार बोटं उघड, धूर वाट शोधतो. कुकरच्या शिट्ट्या रात्री नऊनंतर नकोत, एकदा शेजारचा माणूस गॅस गळतोय म्हणून धावत आला होता.

एकटीचं म्हणशील तर, कुठेही गाडी लावताना तोंड बाहेरच्या रस्त्याकडे. मोटरहोमचा मोठा फायदा हा की बेडवरून उठून थेट ड्रायव्हरच्या खुर्चीत जाता येतं, दार उघडावं लागत नाही. जागा मनाला पटली नाही तर कारण शोधत बसू नकोस, निघ. दिवसाउजेडी पोच. स्टोअरच्या पार्किंगमध्ये झोपायचं तर आत जाऊन मॅनेजरला विचार, प्रत्येक ठिकाणी चालतं असं नाही. मला तीन वर्षांत माणसांचा त्रास दोनदा झाला, उंदरांचा अकरा वेळा.

---

नवा_पाहुणा

अवांतराबद्दल क्षमा. मी एच-1बी वर आहे, काम पूर्ण रिमोट. मलाही असं फिरत काम करता येईल का?

---

अण्णा_वाळवंटी

@नवा_पाहुणा, थांबा. तुमची कामाची जागा एलसीएमध्ये, म्हणजे व्हिसासाठी कंपनीने भरलेल्या कामाच्या अर्जात, लिहिलेली असते. त्या महानगर परिसराच्या बाहेर मुक्काम टाकून काम करायचं तर कंपनीच्या वकिलाला आधी विचारा, दुरुस्तीचा अर्ज लागू शकतो. पत्ता बदलला तर 10 दिवसांत एआर-11 हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा, तो वेगळा. सुट्टी घेऊन फिरा, कुणी अडवत नाही.

आणि ताई, चकलीताईंनी पिरॅमिडचं काढलंच आहे म्हणून सांगतो, क्वार्ट्झसाइटच्या स्मशानात खराखुरा पिरॅमिड आहे. 1850 च्या दशकात अमेरिकी लष्कराने सामान वाहायला उंट आणले होते. त्यांच्याबरोबर आलेला उंटवाला हादजी अली, इथल्यांच्या जिभेवर त्याचा झाला हाय जॉली. 1902 साली वारला. कबरीवर दगडी पिरॅमिड आणि टोकाला उंट. बघून या. गावात पाहण्यासारखं तेवढंच आहे.

---

मेणाचं_घर

परत आले. विचारल्याचं ऋण म्हणून हिशेब देते.

पाणी: 40 गॅलन म्हणजे 150 लिटर, आमच्या भाषेत नऊ-साडेनऊ बादल्या. मी सोलापूरची. चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या घरात वाढलेय, त्यामुळे एका तांब्यात तोंड धुणं मला शिकावं लागलं नाही. ला पोसाला पाचव्या रात्री मीटर एक तृतीयांशावर होता, म्हणजे दिवसाला वीसेक लिटर. पण चकली म्हणाली तसंच झालं, राखाडी टाकी त्याआधीच भरत आली होती, आणि तीही बहुतेक एका वांग्याच्या भाजीच्या कढईने.

बॅटरी: 55 वर ठेवून सकाळपर्यंत टिकली. एका रात्री वारा सुटला आणि गाडी झोळीसारखी हलत राहिली, झोप नाही. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, निघाले नाही.

अण्णांनी सांगितलेली तिसऱ्या दिवसाची दुपार: वहीत लिहिलंय, "दोन वाजले. कंटाळा. बरं वाटतंय." याचा अर्थ मला अजून लागायचाय. पण घरी परत जावंसं वाटतंय असं लिहिलेलं नाही.

फसलं ते वेगळ्याच ठिकाणी. जोशुआ ट्रीच्या आत कॉटनवुड कॅम्पग्राउंडला फोन मेलेला. सोमवारी नऊची मीटिंग, म्हणून पहाटे सगळं आवरून सिग्नल शोधत पार्कबाहेर आले. आवरणं म्हणजे भांडी बंद, खिट्या लावा, गॅस बंद, पायरी आत, खुर्ची आत. घाईत फडताळाची एक खिटी राहिली आणि पहिल्याच वळणावर हळदीचा डबा खाली. त्या गाडीची जमीन फिकट राखाडी होती. होती. मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवून गुडघ्यांवर बसून पुसत होते आणि तिमाहीच्या आकड्यांवर बोलत होते. अनामत रकमेतून 40 डॉलर गेले, आणि बरोबरच गेले.

तेव्हा लक्षात आलं की मोटरहोममध्ये दूध आणायला निघालं तरी अख्खं घर बरोबर न्यावं लागतं. मला फिरायचं नाहीये, जागा बदलून बसायचंय. म्हणजे ट्रेलर एका जागी सोडून पिकअपने गावात जाणं जास्त सोयीचं. पण मग चकलीने सांगितलेला बेडवरून थेट स्टिअरिंगचा फायदा जातो, आणि ट्रेलर एकटीने मागे घ्यायचा म्हणजे उलट्या आरशात संसार करण्यासारखं. एकट्याने ट्रेलर ओढणाऱ्या कुणी, विशेषतः बायकांनी, रिव्हर्स कसं शिकलात ते इथेच लिहा ना. एकोणीस फुटी पुरेल का तेही.

नवरा शेवटच्या शनिवारी पाहुणा म्हणून आला. टमरेल स्वतःचं घेऊन आला होता.

आणि अण्णा, क्वार्ट्झसाइटचा पिरॅमिड पाहिला. दुसरा पाहायची वेळ आली नाही.