फ्रीज वाजतो तर सवय करायची की तक्रार? (कालच्या पोस्टला उत्तर)

मेहरूणकर

काल इथे आबांनी लिहिलं: "नवा फ्रीज वाजतो म्हणून ग्राहक आयोगात जाणारे लोक रिकामटेकडे. यंत्र आहे, वाजणारच. आठ दिवसांत सवय होते. गावातल्या दुकानदाराला कशाला छळता?" रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. तशीही ती महिनाभर लागत नाहीये.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) नणंद माहेरी यायची म्हणून त्याच आठवड्यात फ्रीज घेतला. घर दोन खोल्यांचं. फ्रीज आहे त्याच खोलीत सासूबाई झोपतात. रात्री दर थोड्या वेळाने घर्रर्र सुरू होतं आणि बंद होताना आतून कोणी लाथ मारावी तसा ठोका बसतो. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, त्या प्रत्येक ठोक्याला उठून बसतात. सवय कोणी करायची, त्यांनी?

मेकॅनिक तीनदा आला. पहिल्यांदा फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला आणि पाय फिरवून पातळी केली. तेवढं बरोबरच होतं, दोन दिवस बरं वाटलं. दुसऱ्यांदा म्हणाला गॅस फिरतोय. गॅसची खळखळ मला कळते, जुन्या फ्रीजलाही होती. हा धातूवर धातू आपटल्याचा आवाज आहे. तिसऱ्यांदा दोन मिनिटं दारातूनच ऐकून "नॉर्मल आहे" म्हणाला आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. तो आकडा दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार मिटली, ग्राहक समाधानी. मी दिला नाही. तर म्हणे, "मॅडम, माझा पगार अडतो." त्याचा पगार अडू नये असं मलाही वाटतं. पण त्यासाठी मी खोटं का लिहून द्यायचं?

खोक्यावर मोठ्या अक्षरात "सायलेंट" छापलंय. पैसे त्या शब्दाचेही घेतलेत.

आबा, यावल

पोस्ट माझीच, माघार नाही. ताई, तुमच्या सासूबाईंबद्दल वाईट वाटलं, पण नियम एका घरावरून होत नसतो.

मी केस केलेली आहे. विहिरीच्या मोटारीची, खूप वर्षांपूर्वी. तारीख पडली की यावलहून जळगाव, एसटीचं भाडं, दिवसाचा खाडा, वर समोरचा वकील पुढची तारीख मागणार. निकाल माझ्या बाजूने लागला तोवर ती मोटार मी भंगारात घालून दुसरी घेतली होती. मिळाले त्यापेक्षा गेले जास्त.

आणि दुकानदार म्हणजे कोण? आमच्या गावातला माणूस केळीचे पैसे येईपर्यंत थांबतो. लग्नात कपाट, फ्रीज, कूलर उधारीवर देतो, चिठ्ठीसुद्धा करत नाही. त्याला नोटीस पाठवली की उद्या मुलीच्या लग्नात कोणाच्या दारात उभं राहायचं? शहरातल्या लोकांना हे कळत नाही.

नंदुरबारचा वकील

आबा, तुमची केस जुन्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली दिसते. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. आता तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी शून्य. वकील लागतच नाही. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन करा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मुदत दोन वर्षांची.

तारखांचं मात्र तुमचं खरं आहे. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, वस्तू तपासायची असेल तर पाच. प्रत्यक्षात काय होतं ते मी रोज बघतो.

देवपूर, धुळे

वकीलसाहेब, एक सांगा. आवाज हा "दोष" कायद्यात कुठे बसतो? फ्रीज थंड करतो, बर्फ पडतो, दूध नासत नाही. मग आयोग म्हणेल, मोजून आणा. मोबाइलवरच्या डेसिबलच्या ॲपला कोण विचारतो? फ्रीज ट्रकात घालून प्रयोगशाळेत न्यायचा का?

नंदुरबारचा वकील

प्रश्न रास्त आहे. दोषाच्या व्याख्येत फक्त सरकारी मानक येत नाही. विकणाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला त्यात कमतरता असली तरी तो दोष. म्हणून ताईंनी खोक्याचा फोटो जपावा, "सायलेंट" शब्दासकट. माहितीपत्रात डेसिबल छापले असतील तर तेही. तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो, हे कबूल.

शिरपूरची

मेहरूणकर ताई, रात्रीचा व्हिडिओ काढा, समोर घड्याळ ठेवून. दुकानात जाऊन तेच मॉडेल चालू करायला लावा आणि तिथलाही काढा. आम्ही वॉशिंग मशीनच्या वेळी असंच केलं. ती तर घरभर चालायची! शेवटी कळलं, वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट बसवणाऱ्याने काढलेच नव्हते. दहा मिनिटांचं काम, आणि आम्हाला तीन आठवडे "जमीन वाकडी आहे" सांगत होते. माझी आई म्हणाली, "पैसा दिन्हा ना, मंग कसाले घाबरस?"

कूलरवाला, भुसावळ

एवढ्याशा घर्रर्रने झोप मोडते म्हणजे कमाल आहे. आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो आणि अख्खा मोहल्ला पत्र्याच्या कूलरच्या आवाजात घोरतो. तो बंद पडला की उलट जाग येते. बावीस वर्षं कूलर बनवतोय, आवाजाची तक्रार घेऊन एक माणूस आला नाही.

शिरपूरची

कारण तुम्ही बिल देत नाही, तक्रार कशाच्या जोरावर करणार? आणि आवाजाचं सोडा. माझ्या मावसभावाचा मुलगा, नऊ वर्षांचा, चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होता. पाय ओले, फरशी ओली. पत्र्याला हात लागला आणि चिकटला. शेजाऱ्याने मेन स्विच पाडला म्हणून वाचला. तळहातावर अजून डाग आहे. दोन पिनी वायर होती त्या कूलरला.

कूलरवाला, भुसावळ

पोरगा वाचला, देवाची कृपा. पण सगळं माझ्या धंद्यावर ढकलू नका. मी तीन पिनी दिली तरी तुमच्या घरच्या सॉकेटचं तिसरं भोक कशाला जोडलंय? निम्म्या घरांत कशालाच नाही. वायरमन पैसे वाचवतो, घरमालक गप्प बसतो, आणि शॉक बसला की कूलरवाला खुनी. शिवाय पाणी भरताना पिन काढा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ऐकतं कोण?

कंपनीचा प्लास्टिकचा कूलर घ्या म्हणता, दोन उन्हाळ्यांत बॉडी तडकते, पंखा मिळत नाही, मोटार अॅल्युमिनियमची. माझा दहा-बारा वर्षं चालतो. गवत बदला, पंप बदला, गंज आला तर तळाला पत्रा मारून देतो. गरिबाला दुसरं काय परवडतं?

देवपूर, धुळे

म्हणजे तिसरी पिन निरुपयोगी म्हणून देणारच नाही? हे कुठलं तर्कशास्त्र भाऊ? पंपाची वायर पाण्यात आणि जोड चिकटपट्टीचा, मी डोळ्यांनी बघितलाय. मोटारीचं इन्सुलेशन ओलाव्याने गेलं की अख्खा पत्रा जिवंत होतो.

कूलरवाला, भुसावळ

चिकटपट्टी मी लावत नाही! ज्याने लावली त्याला विचारा. इथे बसून कोणाच्याही पोटावर पाय देणं सोपं आहे.

नंदुरबारचा वकील

आवाज खाली करा दोघंही. बिल न देणं हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद पुराव्यात चालते. आणि सदोष वस्तूने इजा झाली तर बनवणाऱ्यावर जबाबदारी येते, मग तो शेडमध्ये बनवो की कारखान्यात. भाऊ, हे तुमच्या विरोधात म्हणून नाही, सावध करायला सांगतोय.

ज्यांच्या घरी पत्र्याचा कूलर आहे त्यांनी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. अर्थिंग नसेल तर आधी अर्थिंग.

आबा, यावल

फ्रीज राहिला बाजूला. पण शॉकचं वाचून मी उठून आमच्या कूलरची पिन बघितली. दोनच आहेत. नातवंडं सुट्टीला आलीत.

मेहरूणकर

आबा, आजच वायरमन बोलवा, तोवर मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.

तुमच्या दुकानदाराबद्दल एकच. मी माझ्या दुकानदाराशी भांडलेच नाही. त्यालाच सोबत घेतलं. त्याने स्वतः येऊन रात्री साडेदहाला ठोका ऐकला आणि कंपनीला लेखी कळवलं की आवाज नेहमीचा नाही. तक्रार केली म्हणून नातं तुटलं नाही. मी गप्प बसले असते तर मात्र पुढच्या वेळी त्याच्याकडे गेले नसते.

आबा, यावल

दुकानदार चांगला निघाला म्हणून जमलं. सगळ्यांचं तसं जमत नाही. ओटीपीचं मात्र मान्य. सुनेने गेल्या महिन्यात मिक्सरसाठी असाच आकडा देऊन टाकला, मिक्सर आहे तसाच आहे. आता काही करता येतं का?

नंदुरबारचा वकील

येतं. "तक्रार दूर झाली नाही, ओटीपी मागितला म्हणून दिला" असं लेखी कळवून पुन्हा नोंदवा. नवा क्रमांक जपून ठेवा.

कूलरवाला, भुसावळ

रात्रभर विचार केला. यंदा जो माल बाहेर पडेल त्याला तीन पिनी वायर, आणि पंपाचा जोड पाण्याच्या वर डबीत. प्रत्येक नगाला थोडे जास्त पडतील. तेव्हा पुन्हा "तुम्ही महाग झालात" म्हणू नका, शिरपूरच्या ताई.

शिरपूरची

नाही म्हणणार. भावाला तुमच्याकडेच पाठवते. बिल मात्र द्या.