शब्दचर्चा: ‘हंगामी’, ‘वार्षिक’ की आणखी काही?

नौपाड्याची वाचक
मकासर सामुद्रधुनीवरील लेखाचे मराठी रूपांतर करताना अडले आहे. बोर्निओ आणि सुलावेसी या बेटांमधून प्रशांत महासागराचे पाणी हिंदी महासागराकडे येते. हा प्रवाह साधारणतः जुलै ते सप्टेंबरमध्ये जोरात असतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत, वायव्येचे वारे जावा समुद्रातील कमी खारे पाणी सामुद्रधुनीच्या दक्षिण तोंडाशी लोटतात तेव्हा, त्याचा वरचा थर मंदावतो. याला मी ‘हंगामी बदल’ म्हटले. एल निनोच्या वर्षी (मध्य व पूर्व प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते तेव्हा) प्रवाह क्षीण होतो, ला निनाच्या वर्षी (ते नेहमीपेक्षा थंड असते तेव्हा) बळावतो. त्याला ‘वार्षिक बदल’ म्हटले. संपादकांनी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ ओढली आहे.

मुक्काम ऐरोली
रेघ योग्यच आहे. ‘वार्षिक’ म्हणजे दरवर्षी ठरल्या वेळी होणारे, जशी वार्षिक सभा. त्या न्यायाने आपला पहिला बदलच वार्षिक ठरतो. दुसऱ्यासाठी ‘आंतरवार्षिक’ हा नेमका शब्द आहे. ‘हंगामी’ म्हणजे आता तात्पुरता, उदाहरणार्थ हंगामी कर्मचारी किंवा हंगामी अध्यक्ष. तेथे ‘ऋतुमानानुसार होणारे बदल’ असे लिहावे.

बेलापूरचा कोळी
तात्पुरतेपणाचा अर्थ कचेऱ्यांनी चिकटवला, त्याची शिक्षा शब्दाला का द्यायची? मासळीचा हंगाम तात्पुरता नसतो, आणि ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना आम्ही हंगामी पाहुणेच म्हणतो. ‘आंतरवार्षिक’ ऐकून मात्र आंतरशालेय स्पर्धा आठवतात. साधे ‘वर्षागणिक’ का नको?

नौपाड्याची वाचक
पहिल्या खर्ड्यात तेच होते. पण महागाई वर्षागणिक वाढते असे आपण म्हणतो, त्यामुळे प्रवाह एकाच दिशेने घटत किंवा वाढत चालला आहे, असा वाचकाचा समज होतो. येथे एखाद्या वर्षी कमी, एखाद्या वर्षी जास्त, एवढेच सांगायचे आहे.

कळव्याचे मास्तर
पहिल्या बदलासाठी ‘मोसमी’ घ्या. अरबी ‘मौसिम’पासून ‘मोसम’ आला आणि ‘मान्सून’ही तिकडूनच आला, मकासरमधील चढउतारामागे मोसमी वारेच असल्याने हा शब्द तेथे दोन्ही अर्थांनी बसतो.

मुक्काम ऐरोली
‘सामुद्रधुनी’सारख्या संस्कृत शब्दाशेजारी ‘मोसमी’ विजोड दिसतो.

बेलापूरचा कोळी
‘हंगाम’ फारसी, ‘साल’ फारसी, आमची आजी म्हणत असे तो ‘गुदस्ता’ही फारसीच, सारे विजोड काढून टाकले, तर गेल्या वर्षीचे बोलायचे कशाने? मी तर ‘सालोसालचा चढउतार’ असेच लिहीन.

कळव्याचे मास्तर
‘सामुद्रधुनी’तील ‘धुनी’ साधूच्या धुनीचीच बहीण असावी, असे मला नेहमी वाटते. दोन्हीकडे सतत धगधग, सतत खळबळ.

मुक्काम ऐरोली
मुळीच नाही. संस्कृतात ‘धुनी’ म्हणजे नदी. गंगेला ‘सुरधुनी’ म्हणतात.

बेलापूरचा कोळी
मग शब्दच चुकला म्हणायचा. तांबडा समुद्र आणि एडनचे आखात जोडणाऱ्या बाब-अल-मांदेब सामुद्रधुनीत हिवाळ्यात वरचे पाणी तांबड्या समुद्रात शिरते आणि खालचे खारे पाणी बाहेर पडते. उन्हाळ्यात वरचे पाणी बाहेर निघते आणि मधल्या थरातून एडनच्या आखातातील थंड पाणी आत येते. अशी कोणती नदी आपण पाहिली आहे?

मुक्काम ऐरोली
नाव अरुंद, लांबट आकारावरून पडले असावे, दिशेवरून नव्हे.

बेलापूरचा कोळी
आकार तर आमच्या खाडीचाही तसाच आहे. भरती-ओहोटीला ती दिशा पालटते, म्हणून तिला कोणी नदी म्हणत नाही.