फणसाचं दार पावसात फुगतं, मेण लावू का?

खळ्याकडचा: देवगडजवळ आजोबांचं घर आहे. मागीलदारचं फणसाचं दार जुलैत इतकं फुगतं की खांदा लावून ढकलावं लागतं. सुतार म्हणतो, रंधा मारू. गेल्या खेपेला मारला, तर दिवाळीनंतर मांजर जाईल एवढी फट! वॉर्निशही देऊन झालं, त्याचे पापुद्रे सुटले. मेणाने भागेल?

तासणी: रंधा नकोच. आमचे बाबा होड्यांची कामं करायचे, त्यांचं पहिलं बोट दाराच्या खालच्या कडेकडे जायचं. रंगारी दर्शनी बाजू चकचकीत करतो आणि तळ कोरा सोडतो. लाकडाचे उभे तंतू तिथे कापलेले असतात, लाकूड जास्तीत जास्त पाणी ओढतं ते तिथूनच. मे महिन्यात दार उतरवा, वॉर्निश खरवडा. शिजवलेलं अळशीचं तेल (बॉइल्ड लिनसीड ऑइल) निम्मं टर्पेंटाइन घालून कडांना पिईल तेवढं पाजा. वर न मुरलेलं पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं. वाळलं की बिनमिसळीचा आणखी एक हात, मेण सगळ्यात शेवटी. नुसत्या मेणावरून थेंब घसरतात, पण हवेतली ओल आत शिरतेच. तेलाने ती मंदावते, थांबत नाही. थोडी फट ठेवावीच लागेल.

आणि हो, तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर पसरा.

मालवणी_मी: काजूच्या टरफलाचं तेल?

तासणी: होडीला ठीक. हाताला लागलं तर कातडी भाजते, दाराला कशाला!

खळ्याकडचा: तळ आत्ताच चाचपला. कोराच आहे.