'ताब्यात घेतलं' म्हणजे अटक केली का?

पत्रकवाली
एका आठ पानी पत्रकाचं मराठी करतेय. वस्तीत वाटायचंय. पोलिसांनी रस्त्यात अडवलं, ठाण्यात नेलं, तर काय विचारायचं, कोणाला कळवायचं, असा मजकूर आहे. इंग्रजीत 'डिटेन' आणि 'अरेस्ट' जोडीने येतात. मी बिनदिक्कत 'ताब्यात घेणे' आणि 'अटक करणे' लिहून मोकळी झाले. मजकूर तपासणाऱ्या वकीलबाईंनी "तुम्हाला ताब्यात घेतलं असेल पण अटक केली नसेल तर…" या वाक्यावर तांबडी काट मारली. म्हणाल्या, पोलिसांनी नेऊन ठेवलं की अशी मधली अवस्था कायद्यात उरत नाही, तुम्ही ती मराठीत जन्माला घालू नका.
पण पेपरात तर रोज वाचतो, 'तिघांना ताब्यात घेतले असून रात्री उशिरापर्यंत अटकेची कारवाई सुरू होती'. मग तोवर ते तिघं असतात कुठे? शब्द सुचवा. 'स्थानबद्ध' नको, तो वस्तीत कोणाला कळायचा नाही.

रात्रपाळी
तो 'उशिरापर्यंत' मीच लिहितो, ताई. क्राइम बीटवर केस पिकले. रात्री साडेदहाला ठाण्यात फोन लावायचा, "साहेब, अटक का?" "नाही नाही, ताब्यात आहेत." मी 'अटक' छापली आणि पहाटे त्यांनी माणूस सोडून दिला, तर अब्रुनुकसानीची नोटीस मला येणार. म्हणून 'ताब्यात'. हा शब्द पोलिसांना जितका सोयीचा तितकाच आम्हालाही, हे कबूल करतो.
पण वस्तीतला माणूस यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो 'उचलला' किंवा 'बसवून ठेवलाय'. ठाण्यातही तेच बोलतात. 'बसवून ठेवलं' लिहा, पोरासोरांना कळेल.

काळा कोट
बाईंची काट बरोबर आहे. संविधानाच्या अनुच्छेद 22 प्रमाणे अटक केलेल्या माणसाला 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. सगळी लढाई त्या 24 तासांची सुरुवात कधी, याची. शुक्रवारी दुपारी माणूस नेला, 'ताब्यात' म्हणून बसवला आणि अटक दाखवली शनिवारी सकाळी, की झाले अठरा-वीस तास गडप. मुंबई उच्च न्यायालयाचा कस्टम्सच्या एका प्रकरणातला जुना निकाल आहे: हालचालीवर बंधन आलं तिथे अटक सुरू, अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ टाकली यावर ती ठरत नाही. आणि 1980 मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी 'अनौपचारिक ताबा घेतलाय पण अटक नाही', 'चौकशीला ठेवलंय पण कोठडी नाही' या शब्दांच्या लपंडावाला कायद्याच्या सरळपणाला दिलेली बगल म्हटलंय.
म्हणजे ताईंचा प्रश्न न्यायालयाने पंचेचाळीस वर्षांपूर्वीच ऐकलाय. मराठी पेपरांनी ऐकला नाही, एवढंच.

शुद्धमती
मुळात 'ताबा' आपला शब्दच नाही. अरबी 'ताबिअ', मागून चालणारा, अनुयायी. त्यावरूनच ताबेदार. 'अभिरक्षा' हा नेमका आणि सुंदर शब्द असताना फारसी-अरबीची उष्टावळ कशाला?

रात्रपाळी
"तुमच्या मुलाला अभिरक्षेत घेतलंय" असं सांगितलं तर आई पेढे वाटेल. रक्षा म्हटल्यावर आणखी काय वाटणार तिला?
आणि अरबी नको असेल तर कायदा, वकील, जामीन, मुद्देमाल सगळंच सोडा. बघू काय उरतं ते.

सिंधुकाठ
'अटक' तरी अस्सल मराठी पराक्रमाचा शब्द आहे. अटकेचा किल्ला! 1758 ला राघोबादादांच्या फौजा अटकेपार गेल्या, तिथे जे धरले गेले ते 'अटकेत'. माझे आजोबा असंच सांगायचे.

काळा कोट
आजोबांबद्दल आदर आहे, पण मग 'घोडं कुठे अटकलं?' याचं काय करायचं? अटकणे, अटकाव, हिंदीतलं अटकना, सगळं एकाच घरातलं. मूळ अर्थ थांबणे, अडणे. गंमत म्हणजे इंग्रजी 'अरेस्ट'सुद्धा फ्रेंचमधल्या 'थांबवणे' याच अर्थाच्या क्रियापदावरून आला. दोन्हीकडे अटक म्हणजे फक्त थांबवणं. थांबवलं की अटक झाली. ठाण्यात नेऊन, जबाब घेऊन, साहेबांना विचारून मग झाली, असं नाही.

सिंधुकाठ
किल्ल्याचं नावही तिथे वाट अडते म्हणून पडलं, असं म्हणतातच की. मी काही पूर्ण चुकलो नाही.

माजी हवालदार
वाचतोय कधीचा. सगळं पोलिसांवर ढकलू नका. अटक म्हटली की केवढं लचांड असतं ते बघा. अटक पंचनामा, त्यावर घरच्या माणसाची नाहीतर परिसरातल्या प्रतिष्ठित इसमाची सही, वेळ, नातेवाइकाला कळवल्याची नोंद, दवाखान्यात तपासणी, स्टेशन डायरी. अटक करताना काय काय पाळायचं हे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू खटल्याचा निकाल डिसेंबर 1996 चा. त्यानंतर आमच्या ठाण्याच्या भिंतीवर तो फलकच लागला, अकरा कलमी. 'ताब्यात'ला यातलं काही लागत नाही, म्हणून तो शब्द हाताशी येतो. वेळ लिहिताना आमचाही हात कधी कधी सैल सुटला, खोटं का बोलू.
एक सांगतो. आमच्या लिखापढीत 'ताब्यात घेतले' हे मूळ मालाचं क्रियापद. एक काळ्या रंगाची मोटारसायकल, दोन मोबाईल, लोखंडी कोयता, ताब्यात घेतले. माणसाला ते कधी चिकटलं, कळलं नाही. आणि माल बोलत नाही हो, वेळ विचारत नाही.

पत्रकवाली
काका, हे वाचून अंगावर काटा आला. पण मग 'ताब्यात' काढून घालू काय?

माजी हवालदार
ते तुम्ही शिकलेली माणसं ठरवा. आता तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या पुष्कळ गुन्ह्यांत अटक करतच नाहीत, समजपत्र, म्हणजे चौकशीला हजर राहा अशी नोटीस, देऊन सोडतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 41 क होतं, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं, नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 35(3). तरी माणूस घरी पोचला की शेजारी म्हणतात, "जामिनावर सुटला." अहो, अटकच नाही तर जामीन कसला?

रात्रपाळी
'जामीन'ही घसरलाच. मूळ अरबीत जामीन म्हणजे हमी घेणारा माणूस. "मी त्याला जामीन राहिलो" हा जुना, बरोबर प्रयोग. आता जामीन झाला कोर्टाचा हुकूम आणि माणसाला आपण 'जामीनदार' करून टाकलं.

भगवती बंदर
'स्थानबद्ध' कळणार नाही म्हणता? आमच्या रत्नागिरीत शेंबडं पोर सांगेल. सावरकर 1924 ते 1937 इथे स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, बाकी गावात हिंडा-फिरा. स्थानाला बद्ध, शब्दाबरहुकूम. आणि आता बातमी येते, 'सराईत गुंड एमपीडीएखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध', आणि तो असतो येरवड्याच्या तुरुंगात. 1981 चा तो झोपडपट्टी दादा कायदा. खटला न चालवता तुरुंग, आणि शब्द मात्र असा की वाटावं बंगल्यात ठेवलाय.

शुद्धमती
पाहा, संस्कृत शब्द नीट वापरला की अर्थ बरोबर लागतो. वापर बिघडला त्याला शब्द काय करणार?

काळा कोट
वापर बिघडला म्हणजेच अर्थ बदलला, मॅडम. अनुच्छेद 22 च्या मराठी मथळ्यातही 'अटक व स्थानबद्धता' असंच आहे.
माझा खरा राग आहे 'बेड्या ठोकल्या'वर. 'लाचखोर तलाठ्याला बेड्या'. बातमीखालच्या फोटोत तलाठी हात हलवत चाललाय! सरसकट बेड्या घालणं घटनेत बसत नाही हेही 1980 मध्येच सांगून झालं, पुन्हा न्या. कृष्ण अय्यर. नव्या कायद्याने काही गंभीर गुन्ह्यांपुरती मुभा दिलीय, त्यात लाचखोरी नाही. पेपरात मात्र चिल्लर चोरालाही बेड्या.

रात्रपाळी
मथळ्यात 'समजपत्र देऊन सोडले' बसत नाही, वकीलसाहेब. 'बेड्या' अडीच अक्षरांत मावतं. नाहीतर 'मुसक्या आवळल्या'.

खळ्यातला
मुसक्या आमच्या! मळणीच्या वेळी बैलाने कणसात तोंड घालू नये म्हणून बांधतात ती मुसकी. माणसाचं तोंड बांधायचं, बोलू द्यायचं नाही, म्हणून पोलीस मुसक्या आवळतात.

सिंधुकाठ
चूक. हिंदीत 'मुश्कें कसना' म्हणजे दंड मागे ओढून बांधणे. मुश्क म्हणजे दंड. बैलाचा काही संबंध नाही.

खळ्यातला
तुम्ही कधी मळणी पाहिलीय का?

पत्रकवाली
मंडळी, उद्या सकाळी अकराला मजकूर छापखान्यात द्यायचाय. सध्या असं केलंय: "पोलिसांनी तुम्हाला नेलं आणि जाऊ देत नसतील, तर 'मला अटक केली आहे का? किती वाजता?' असं विचारा. ते काहीही म्हणाले तरी वेळ लिहून ठेवा." शब्दच टाळलाय. वकीलबाईंना चाललं. पण मथळा राहिलाय, तिथे एक शब्द लागेलच. कोणी सुचवतंय का?

खळ्यातला
आमच्या आजीकडे एक जुनी मुसकी आहे, सुतळीची विणलेली. उद्या फोटो टाकतो. मग बोला दंडाचं.