हिपहॉप रेडिओ डीजे आणि प्रोड्यूसर: रत्नागिरीतून सुरुवात कशी करावी?

मांडवी_किनारा
मंडळी, जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या कम्युनिटी रेडिओवर आठवड्याला एक तास हिपहॉप मिळण्याची शक्यता आहे. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक डायनॅमिक माइक आणि दोन गाणी मिसळायचा जुना दोन डेकचा कंट्रोलर एवढं साहित्य आहे. पुढे प्रोड्यूसर व्हायचंय, आणि बीटमध्ये (रॅपखालच्या संगीतात) शिमग्याचा ढोल हवाय. आधी शो जमवू की आधी बीट्स? परवानग्यांचं काय?

सोळा_बार
दोन्ही एकदमच सुरू करा. मार्ली मार्ल न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएस रेडिओवर मिस्टर मॅजिकच्या रॅप शोचा डीजे होता आणि त्याच काळात तिथल्याच क्वीन्स भागात ज्यूस क्रू या रॅपरांच्या गटाची रेकॉर्डं घडवत होता. रेडिओवर गाणं रिक्षात, टपरीवर, एका छोट्या स्पीकरवर कसं ऐकू येतं ते कळतं. बीट बांधताना हाच कान लागतो.

तासाचं गणित बारमध्ये, म्हणजे चार-चार ठोक्यांत मांडा. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक बार २.६७ सेकंदांचा. म्हणजे ८ बारचा इंट्रो साधारण २१ सेकंद, १६ बार ४३ सेकंद. बोलणं त्या २१ सेकंदांत बसवा आणि रॅपरचा पहिला शब्द येण्याआधी थांबा. मराठीत २१ सेकंदांत ४५-५० शब्द आरामात होतात, पण ३५च लिहा, श्वासाला जागा राहते. पुढचं गाणं मागच्याचा १६ बारचा भाग संपतो तिथेच सुरू करा. मध्येच सोडलंत तर बीपीएम जुळूनही ते अडखळल्यासारखं वाटतं. दोन गाण्यांच्या बीपीएममध्ये ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ओढूनताणून जुळवू नका, सरळ कट मारा.

शिव्यांच्या जागा शोच्या आधी, फाइलमध्येच म्यूट करून ठेवा. लाइव्ह फेडर (आवाजाची सरकपट्टी) ओढायला गेलात की हमखास उशीर होतो.

गावकर_ऑन_एअर
परवाना संस्थेच्या नावावर असतो, एकट्या माणसाला मिळत नाही. त्यामुळे शोचा आराखडा संस्थेकडून लेखी मंजूर करून घ्या. ट्रान्समीटर साधारण १०० वॅट ईआरपीपर्यंतचा (अँटेनातून प्रत्यक्ष निघणारी ताकद), त्यात आपल्याकडे डोंगर आडवे. शेजारच्या खाडीपलीकडे आवाज पोचेलच असं धरू नका. शोची रेकॉर्डिंग ठेवा.

सॅम्पलला (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्याला) दोन हक्क लागतात, एक ध्वनिमुद्रणाचा आणि एक रचनेचा. पारंपरिक चाल कोणाच्या मालकीची नसली तरी तिचं कोणी केलेलं रेकॉर्डिंग मालकीचं असतं. "चार सेकंद चालतात" हा गैरसमज आहे. म्हणून ढोल स्वतः रेकॉर्ड करा, वादकांना विचारून, आणि त्यांची नावं क्रेडिटमध्ये द्या. ही माणसं वर्षभर पालखीची वाट बघून वाजवतात, तेव्हा नाव हे त्यांचं हक्काचंच.

मांडवी_किनारा
आभार दादा. ढोल एकदा रेकॉर्ड करून पाहिला. किकसोबत (बीटमधल्या खोल ड्रमसोबत) वाजवला की दोन्हींचा जोर जातो, नुसता फुगलेला गोंधळ उरतो. आणि लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला की) दोन आवर्तनांनंतर घसरतो.

सोळा_बार
घसरणारच. पालखीच्या जोशात लय चढत जाते. अख्खा लूप वापरू नका, थाप कापून घ्या. वादकाला पालखी निघण्याआधी बाजूला घ्या. प्रत्येक थाप हलकी ते जोरदार अशी पाच-सहा वेळा सुटी वाजवून घ्या. २४ बिट, सर्वांत मोठी थाप मीटरवर −१२ डीबीच्या आसपास. माइक ढोलाच्या पानापासून (थाप पडते त्या बाजूपासून) दोन-एक मीटर, थोडा तिरका. किनाऱ्यावर फरवाला विंडशील्ड लावाच, नाहीतर वाऱ्याची घरघर थापेखाली बसते आणि निघत नाही.

गोंधळाचं कारण असं की ढोल आणि किक दोघेही ६० ते १०० हर्ट्झमध्ये भांडतात. ढोलावर ११० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावून बघा. तरी पोकळ वाटलं तर एकाचा फेज उलटा करा (लहरीची वर-खाली अदलाबदल). तेही नाही जमलं तर किक काढून ढोलालाच किक माना. अनेकदा हेच उत्तम निघतं.

थापा ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या अगदी समान रेघांवर) ठोकून बसवल्या तर मेलेल्या वाटतात. स्विंग ५८ टक्के ठेवा. ९० बीपीएमला दर दुसरी सोळांश मात्रा (ठोक्याचा चौथा भाग) सुमारे २७ मिलिसेकंद मागे जाते, आणि मान आपोआप डोलते. जुन्या एसपी-१२०० या सॅम्पलर यंत्रात एकूण दहा सेकंदच सॅम्पल मावत. म्हणून ३३ची तबकडी ४५वर वाजवून भरत आणि मग सुमारे पाच सेमीटोन (अर्धस्वर) खाली ओढत. तो खरखरीत पोत त्यातून यायचा. ढोलावर हीच युक्ती करून बघा.

एफएमसाठी वेगळं मिक्स काढा. आवाज १५ किलोहर्ट्झला संपतो, आणि प्री-एम्फसिसमुळे (प्रसारणाआधी उंच सूर वाढवले जातात) हाय-हॅट (झांजेचा ठोका) व 'स' लिमिटरला (आवाजाची कमाल मर्यादा राखणाऱ्या यंत्राला) आधी धडकतात. हॅट दोन डीबी खाली घ्या आणि मिक्स मोनोत (डावा-उजवा आवाज एकत्र करून) तपासा.

खारा_वारा
साहित्याबद्दल एक. दमट हवेत फेडर खरखरतो, जॅकवर हिरवट थर येतो. कंट्रोलर झाकून, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेल दर पंधरवड्याला गरम करून वाळवा. फेडरला फेडरसाठीचाच क्लीनर लावा. साध्या तेलाच्या स्प्रेने धूळ चिकटते. एसी स्टुडिओतून बाहेर पडताना रेकॉर्डर पिशवीतच अर्धा तास ठेवा, नाहीतर आत दव धरतं.